बाबांनी फोनवर विचारलं तेव्हा

भात कापणीला आलं की मला पुठ्ठ्याचा वास येतो. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं तर उलगडून सांगावं लागेल, आणि ते मला अजून नीट जमत नाही.

भिवंडीजवळच्या आमच्या वळ गावात आता कापायला भात उरलंय कुठे? खाडीच्या अंगाला दोन-चार घरांची खाचरं आहेत, बाकी सगळीकडे निळ्या पत्र्याची उंच गोडाऊनं. तरी दसरा जवळ आला की वारा कुठून तरी पिकल्या भाताचा कोरडा, किंचित गोडसर वास घेऊन गच्चीवर येतो. कपडे वाळत घालता घालता मी थांबते. आईला या वासाने खळं आठवतं, झोडणीच्या दिवसांतली अंगाची खाज आठवते. मला आठवतो इंग्लंडमधल्या एका छोट्या शहराबाहेरचा बसथांबा, राखाडी सकाळ, आणि दिवसभर खोकी फोडून बोटांना चिकटलेला पुठ्ठ्याचा वास. मी त्या वर्षी कापणीला इथे नव्हतेच. मग भाताच्या वासाने पुठ्ठा का आठवावा? की फोनच्या दुसऱ्या टोकाला कापणी चालू होती, म्हणून दोन्ही एकात एक मिसळून गेलं?

नवं शतक सुरू होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. भिवंडीच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन मी बी.एस्सी. झाले, आणि मग एम.एस्सी.साठी थेट विलायतेला गेले. आमच्या घरातून तोवर कुणी पुण्याच्या पुढे गेलं नव्हतं. निघताना अर्धा गाव अंगणात उभा होता. आई प्रत्येकाला सांगत होती, "आमची बाय लॅबमदे काम करनार हाय." माझी बॅग उचलून बाबा गाडीपर्यंत आले, आणि बॅगेचं चाक नीट फिरतं की नाही हे दोनदा बघून परत गेले.

शिक्षण संपलं. तिथे विज्ञानाच्या पदवीवर शिकून झाल्यावर वर्षभर राहून काम करायची परवानगी मिळत असे. ती मिळाली. कामही लगेच मिळेल असं मी धरून चालले होते. मी लॅबना अर्ज पाठवायची, आणि आठवड्याभराने पातळ लिफाफा यायचा. पातळ लिफाफा म्हणजे नकार, हे पुढे पुढे न फोडताच कळायला लागलं. दरम्यान घरभाडं होतं, पोट होतं. म्हणून माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीत नाव नोंदवलं.

एजन्सीतली बाई रोज संध्याकाळी पाचला फोन करायची. "उद्या सात ते तीन. येणार?" बस, एवढंच. हो म्हणायला उशीर झाला की ती पुढच्या नावाकडे जायची. कधी सलग सहा दिवस फोन यायचा, कधी चार दिवस फोन मुका. मुक्या दिवसांत मी खोलीत बसून अर्ज लिहायची. फोन आलेल्या दिवसांत पिवळं जाकीट घालून गावाबाहेरच्या त्या प्रचंड गोदामात जायची. तिथे टपालाने कपडे विकणाऱ्या एका कंपनीचा माल असे. लोक कपडे मागवत, घालून बघत, आणि नकोसे झालेले परत पाठवत. परत आलेल्या खोक्यांचा जो विभाग, त्याचं नाव रिटर्न्स. तिथे माझी नेमणूक.

काम सोपं होतं. खोकं फोडायचं, कपडा बाहेर काढायचा, लेबल आहे का बघायचं, डाग आहे का बघायचं, आणि शेवटी वास घ्यायचा. हो, प्रत्येक कपड्याचा वास. कुणी एकदा समारंभाला घालून परत पाठवलेला झगा डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळतो. अत्तर, घाम, सिगारेट, कुत्रा, तळण. त्यावरून कपडा तीन ट्रॉल्यांपैकी एकीत जायचा. एक पुन्हा विकायची, दुसरी धुवायची, तिसरी टाकून द्यायची. पहिल्याच दिवशी मला हसू आलं. वर्षभर मी लाखो रुपयांच्या यंत्रांवर पदार्थांचे घटक ओळखायला शिकले होते, आणि आता तेच काम नाकाने करत होते. ते हसू दुपारपर्यंत टिकलं. नंतर ते कुठे गेलं, कळलं नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर हेलेना होती. पोलंडची, पन्नाशीला आलेली, उंच. तिकडे शाळेत भूगोल शिकवायची. तिनेच मला काम शिकवलं. "खोल श्वास घेऊ नकोस," ती म्हणाली, "अगदी थोडा घे. नाहीतर दहा वाजेपर्यंत नाक मरतं." तिचं इंग्रजी तुटक, माझं पुस्तकी. दोघींचं मिळून एक बरं इंग्रजी व्हायचं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला आणि लगेच झाकला. त्यात आईने पाठवलेली जवळ्याची, सुक्या बारीक कोळंबीची, चटणी होती; वास लगेच पसरला. एक माणूस उठून लांबच्या टेबलावर जाऊन बसलाच. हेलेनाने माझ्या हातातला डबा घेतला, आपल्या काळ्या पावावर थोडी चटणी पसरली आणि खाल्ली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ती खातच राहिली. "माझा आजा समुद्रावर मासे पकडायचा," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "तुझं गाव कुठे आहे?" एका पुठ्ठ्याच्या झाकणावर तिने दोन रेघांत हिंदुस्थान काढला, अगदी बरोबर, आणि पेन माझ्या हातात दिलं. मी मुंबई दाखवली, ठाणं दाखवलं, भिवंडीचा ठिपका काढला. वळ कुठे काढू ते कळेना. पेनाच्या टोकाखाली सगळंच झाकलं जात होतं.

घरी मी काय सांगत होते? तेच तर. पहिल्याच आठवड्यात, फोनवर, आईने विचारलं, "लागलीस काय गो कामाला?"

"हो."

"लॅबमदे?"

मी हो म्हटलं. फार विचार केला नाही. दोन-चार दिवसांत लॅब मिळेलच, तेवढ्यापुरतं, असं वाटलं.

"पांढरा कोट घालतंस?"

तेव्हा माझ्या अंगात पिवळं जाकीट होतं, बसथांब्यावर उभ्या उभ्याच बोलत होते. "घालते," मी म्हटलं. आई शेजारच्या कुणाला तरी ते सांगत होती, ते मला ऐकू आलं. त्यानंतर दर फोनला लॅबमध्ये थोडी थोडी भर पडत गेली. काचेच्या खिडक्या आल्या, चांगला साहेब आला. आईला ऐकायला आवडायचं. मला सांगायला लाज वाटायची की बरं वाटायचं, हे खरंच आठवत नाही. दोन्ही असेल. काही संध्याकाळी तर मला क्षणभर वाटे की अशी लॅब आहे, मी तिथेच जाते, आणि ते गोदाम दुसऱ्याच कुठल्या मुलीचं आहे.

आणि ते गोदाम मला नकोसं झालं होतं असंही म्हणवत नाही. तिथे छप्पर गळत नव्हतं. तीन वाजता घंटा झाली की काम तिथल्या तिथे संपायचं, डोक्यात घरी येत नसे. दोनशे माणसं एका तालात कामं करताना कधी कधी भातलावणीच्या वेळची रांग आठवायची. पण खिडकी एकही नव्हती. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे आलेल्या खोक्याचा पुठ्ठा ओला आहे का यावरून कळायचं.

ऑक्टोबरच्या मध्यावर एक दिवस रोशनचा, माझ्या धाकट्या भावाचा, निरोप आला की फोन कर, महत्त्वाचं आहे. मी कामावरून येऊन चारच्या सुमारास फोन लावला. तिकडे जेवणं उरकत होती.

"ताई, पार्टी आलीय," रोशन म्हणाला. "आपली रस्त्याकडची खाचरं मागतायत. रोड-टच जागा आहे ना. गोडाऊन बांधणार. चांगली पार्टी आहे, झंझट नाही. आजूबाजूच्या सगळ्यांनी दिली. आपण एकटेच राहिलो तर मध्येच अडकू."

"बाबा काय म्हणतात?"

"काहीच म्हणत नाहीत. म्हणतात, बाय शिकलेली हाय, तिला इचारा. थांब, देतो."

बाबा फोनवर कधी बोलत नसत. आई बोलत असली की मागून खोकून आपण आहोत एवढं कळवत. त्या दिवशी त्यांनी फोन हातात घेतला.

"बाय."

"बोला बाबा."

"गोडाऊन म्हंजे काय असतं गो आतून? आमी बाहेरूनच बघतो. तू तिकडं बघितलं असशील. आत काय करतात मान्सं?"

माझ्या बोटांना तेव्हा पुठ्ठ्याचा वास येत होता. आमच्या साऱ्या खानदानात गोदाम आतून काय असतं हे माहीत असलेली मी एकटी होते. मी सांगू शकले असते. बाबा, आत खूप मोठं असतं, आपल्या देवळाच्या मैदानाएवढं. खिडक्या नसतात. माणसं उभी राहून एकच गोष्ट दिवसभर करतात. त्रास देत नाहीत कुणी, पण नावानेही कुणी हाक मारत नाही. पगार वेळेवर होतो. मला तिथे रडूही येतं, आणि तिथली एक बाई माझ्या आईसारखी आहे. हे सगळं माझ्या तोंडाशी होतं. पण ते सांगायचं म्हणजे मला कसं माहीत, तेही सांगावं लागणार. पांढरा कोट उतरवावा लागणार, आईच्या समोर, फोनवरून.

"न्हाय बाबा," मी म्हटलं. "मी न्हाय बघितलं."

"बरं."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मना काय वाटतं तेच समजत न्हाय," बाबा म्हणाले. "म्हनून तुना इचारलं."

मी म्हटलं, मी विचार करते, आठवड्याभरात सांगते. त्यांनी फोन रोशनकडे दिला.

तो आठवडा मी कसा काढला ते सांगता येणार नाही. मी वास घेतलेले कपडे चुकीच्या ट्रॉलीत टाकत होते. हेलेनाने दोनदा ते निमूटपणे उचलून बरोबर जागी टाकले, तिसऱ्यांदा विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. अनोळखी भाषेत सांगायला सोपं गेलं.

"वडिलांना खरं सांग," ती म्हणाली.

"तू तुझ्या आईला सांगतेस?"

"सगळं. म्हणून ती प्रत्येक फोनला रडते आणि परत ये म्हणते. मी फोन ठेवते आणि मग मी रडते." तिने हातातल्या शर्टाची कॉलर नाकाशी नेली आणि शर्ट धुवायच्या ट्रॉलीत टाकला. "त्यामुळे मला माहीत नाही, माझं ऐकावंस की नाही."

त्याच आठवड्यात एक जाड लिफाफा आला. पाणी तपासणाऱ्या एका छोट्या लॅबने मुलाखतीला बोलावलं होतं. मला वाटलं, सुटले. ही नोकरी मिळाली तर आईला सांगितलेलं सगळं खरं होईल, आणि मग मागचे दोन महिने गोदामात होते हे हसत हसत सांगता येईल, बाबांना हवं तेवढं आतलं वर्णन करता येईल. नेमकं मुलाखतीच्याच दिवशी एजन्सीने काम दिलं. मी पहिल्यांदाच नाही म्हटलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

लॅब नदीकाठी होती. तिचा प्रमुख बाबांच्या वयाचा, शांत माणूस. त्याने मला सगळी लॅब हिंडून दाखवली, माझे प्रोजेक्टचे कागद खरोखर वाचले. दाराजवळच्या खुंट्यांवर पाच-सहा पांढरे कोट टांगलेले होते. मग त्याने चहा दिला आणि म्हणाला, "तुझी परवानगी दहा महिन्यांची उरलीय. आमच्याकडे माणूस तयार व्हायलाच वर्ष लागतं. मला वाईट वाटतं." त्याला खरंच वाटलं असावं, कारण तो मला बसथांब्यापर्यंत सोडायला आला.

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं, आता सांगायचं. लॅब नाही, गोदाम आहे. आणि गोदाम हे असं असतं. जमीन द्यायची की नाही ते त्यानंतर तुम्ही ठरवा. मनात वाक्यं जुळवली, घरच्या बोलीत, कारण बाबांशी दुसऱ्या भाषेत खरं बोलता आलं नसतं. खोलीत शिरल्या शिरल्या फोन लावला.

रोशनने उचलला. "अगं ताई, झालं पण. काल सह्या झाल्या. पार्टी थांबायला तयार नव्हती."

"मी आठवड्यात सांगते म्हटलं होतं ना."

"बाबाच म्हणाले, बायला नको त्रास, तिला तिथं काम असतं."

"बाबा कुठे आहेत?"

"शेतावर. कापणी आज संपली. भारे घरी आले, ते नाही आले अजून."

"अंधार पडला असेल."

"पडलाय," रोशन म्हणाला. "आई म्हणते, येतील."

मग आईने फोन घेतला. लॅबमध्ये सगळं बरं ना, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. जुळवलेली वाक्यं जिभेवर तशीच राहिली. खरं सांगायची वेळ टळून गेली होती म्हणून मी गप्प राहिले, की वेळ टळली याचा मला आतून सुटका झाल्यासारखा आनंद झाला म्हणून?

एजन्सीचा फोन पुढे पंधरा दिवस आला नाही. मग नाताळची गर्दी सुरू झाली आणि त्यांना माणसं लागली. मी पुन्हा रिटर्न्समध्ये गेले. मार्चमध्ये हेलेना एकदाची परत गेली, जाताना मला तिचे गरम मोजे देऊन गेली. परवानगी संपायच्या दोन महिने आधी मीही परतले. रस्त्याकडे जिथे आमची खाचरं होती तिथे तोवर लोखंडी खांब उभे राहिले होते. बाबा मला घ्यायला विमानतळावर आले होते, पण गाडी घरापर्यंत त्यांनी जुन्या रस्त्याने आणवली. त्या बाजूने नाही.

मला भिवंडीत ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची नोकरी मिळाली. वर्गाच्या खिडकीतून पॉवरलूमचा आवाज येतो, त्यावर आवाज चढवून शिकवावं लागतं. पोरं विचारत, मॅडम, फॉरेनला तुमची लॅब कशी होती? मी युनिव्हर्सिटीतल्या लॅबचं सांगत असे. ते खोटं नव्हतं. तरी फळ्याकडे वळून उभी राहत असे.

गोडाऊन उभं राहिलं त्याला दोन पावसाळे झाले. दसऱ्याला तिथे यंत्रांची पूजा होती, आणि जमिनीचे जुने मालक म्हणून बाबांना बोलावणं आलं. एरवी गेटवरचा वॉचमन कुणाला आत सोडत नसे. बाबा त्या गेटासमोरून रोज जात, आत कधी गेले नव्हते. रोशन कामात होता. बाबा मला म्हणाले, "तू येतंस काय?"

दाराशी बाबांनी चपला काढून हातात घेतल्या. पूजा दूर कोपऱ्यात होती, चपला काढायची तिथे काही गरज नव्हती. शेतावरही ते बांधाशी अशाच काढून ठेवत. आत पंखे, मिक्सर, कुकर यांच्या खोक्यांच्या रांगा छतापर्यंत चढलेल्या. फोर्कलिफ्टला झेंडूचा हार. जमिनीवर पिवळ्या रेघा. मला प्रत्येक गोष्ट ओळखीची होती. एका टेबलाशी गावातलीच एक मुलगी खोकं फोडायला धडपडत होती, चिकटपट्टी निघत नव्हती, कटरचं पातं हातावर यायला आलं होतं. मी खोकं तिच्या हातून घेतलं, उलटं केलं, अंगठा खालून घातला आणि एका ओढीत पट्टी काढली. मुलगी बघत राहिली. बाबाही.

"तुना हे कसं ठाव?" ते म्हणाले.

सांगायचं असं मी ठरवलं नव्हतं. "मी तिकडं हेच काम करायची, बाबा."

"लॅबमदे?"

"लॅब नव्हती. असंच गोडाऊन होतं."

बाबांनी एकदा वर छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी फोनवर इचारलं तवा?"

"तवा मी त्यातूनच आलेली."

ते रागावतील, असं मला वाटलं. ते चालायला लागले. हातात चपला, अनवाणी पायांनी ते दोन रांगांमधल्या सिमेंटवरून सावकाश चालत होते, मी मागे. मध्येच थांबले. "इथं आपला मधला बांध," ते म्हणाले. दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा थांबले. "न्हाय. इथं असंल." मला तो डावीकडे वाटत होता, कुकरच्या रांगेपाशी. मी तसं म्हटलं. तिकडे गेलो. तिथेही खात्री पटेना. एकमेकांना जागा दाखवत आम्ही बराच वेळ त्या खोक्यांमधून हिंडलो, आणि जमीन सगळीकडे सारखीच होती. शेवटी फोर्कलिफ्टवाल्याने हॉर्न दिला, "चाचा, साइड में." आम्ही भिंतीशी सरकलो.

"मी चुकलो काय गो?" बाबांनी विचारलं.

रोशनसारखं मला बोलता आलं असतं, सगळ्यांनीच दिली, तुम्ही एकटे काय करणार होतात. आईसारखं म्हणता आलं असतं, झालं ते बऱ्यासाठी झालं. बाबांचे डोळे माझ्यावर होते.

"मना ठाव न्हाय, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. बऱ्याच वेळाने उत्तर मिळाल्यासारखी.

"मनाबी न्हाय," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन, एकेक पाय उचलून, चपला घालू लागले.